राणीचा नवा शालू

आमच्या टीमकडे सध्या एका जुन्या ट्रॅव्हल कंपनीची साइट 'फ्रेश' करायचं काम आहे. दोन आठवडे नुसत्या लोगोच्या रंगावर मीटिंगा चालल्यात. शुक्रवारी कोणीतरी विचारलं, "पण यातलं बदलायचं नाही असं काय आहे?" सगळे गप्प. मला एकदम डेक्कन क्वीन आठवली.

आपल्याला ती पासवाल्यांची गाडी म्हणून माहीत. जन्मली मात्र सहलीची गाडी म्हणून! मुंबईच्या मंडळींना शनिवार-रविवारी पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना येता यावं, म्हणून जीआयपी रेल्वेने १ जून १९३० रोजी ती सुरू केली. सात-सात डब्यांचे दोन संच होते. एक रुपेरी, त्यावर लाल किनार; दुसरा निळा, सोनेरी रेघांचा. सांगाडे इंग्लंडहून आलेले, वरचे डबे आपल्या माटुंगा वर्कशॉपात बांधलेले. आत फक्त फर्स्ट आणि सेकंड क्लास. म्हणजे साध्या माणसाने फलाटावरून बघायची आणि घरी जायचं.

१९४९ साली जुना फर्स्ट क्लास बंद झाला आणि सेकंडलाच फर्स्ट म्हणू लागले (ही युक्ती आमच्या मार्केटिंगवाल्यांना सांगू नका). मग जून १९५५ मध्ये थर्ड क्लास जोडला गेला. माझ्या मते खरं रिब्रँडिंग हेच. नाव तेच, पण गिऱ्हाईकच बदललं. १९६६ मध्ये पेरांबूरचे पोलादी डबे आले, साताचे बारा झाले. शर्यतीवाले केव्हाच मागे पडले होते.

माझे बाबा त्या नव्या गिऱ्हाइकांपैकी. मुंबईतल्या नोकरीसाठी त्यांनी अकरा वर्षं पास काढला. सकाळी सव्वासातला पुणं सोडायचं, रात्री साडेआठच्या सुमारास परत. माझी शाळेतली प्रगतिपुस्तकं ते गाडीतच बघायचे आणि सह्याही तिथेच. त्यामुळे त्या हलत्या असायच्या.

२२ जून २०२२ पासून गाडी एलएचबी डब्यांची झाली. हे डबे अपघातात एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून बदल हवाच होता. नवा हिरवा-लाल रंग ठरवताना अहमदाबादच्या एनआयडीचीही मदत घेतली. मला निळा-पांढराच आवडायचा, पण ते असो. टेबल-खुर्चीवर बसून खायची डायनिंग कार मात्र ठेवली, उलट बत्तिसाऐवजी चाळीस जणांची केली.

मागे बाबांना मुद्दाम घेऊन गेलो. रंगाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. पुणं सुटताना घड्याळ बघितलं, डायनिंग कार कुठल्या बाजूला आहे ते विचारलं आणि चीज टोस्ट मागवला.

सोमवारच्या मीटिंगला मी रंगांचा तक्ता नेणार नाहीये. त्या कंपनीकडे वीस-वीस वर्षं येणाऱ्या लोकांची यादी मागवली आहे. आधी त्यांना फोन करतो.