पटकीतील आतडे : दाह की क्षारांची गळती?

पटकीच्या रोग्याच्या अंगातील पाणी काही तासांत निघून जाते, हे वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. ते का जाते, याचे उत्तर मात्र दीर्घकाळ चुकीचे दिले गेले. एकोणिसाव्या शतकातील शवविच्छेदनांत आतड्याचे अस्तर सुटलेले आढळे. त्यावरून आतड्याचा तीव्र दाह होऊन ते सोलवटते व त्यातून पाणी पाझरते, असे मानण्यात आले. सोललेले आतडे काय शोषणार? तोंडाने दिलेले पाणी व्यर्थ, ही समजूत यातून सहजच बळावली. 1923 मध्ये गुडपाश्चर यांनी फिलिपाइन्समधील अभ्यासावरून अस्तराचे हे सुटणे मृत्यूनंतरचे असल्याचे दाखविले. परंतु जुनी समजूत टिकून राहिली.

रॉबर्ट कॉख यांनी 1884 मध्ये कोलकात्यात पटकीच्या जंतूचा अभ्यास करताना तो विष सोडत असावा, असा तर्क केला होता. तो सिद्ध होण्यास पाऊणशे वर्षे लागली. अडचण प्राण्यांची होती. प्रौढ प्राण्यांना जंतू पाजून माणसासारखी पटकी होत नसे. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत दत्ता व हब्बू यांनी 1955 मध्ये ही अडचण दूर केली. सशाच्या काही दिवसांच्या पिल्लांच्या आतड्यात जंतू सोडले असता त्यांना माणसासारखेच जुलाब होऊन ती दगावत. 1959 मध्ये दत्ता, पानसे व कुलकर्णी यांनी जंतूंऐवजी जंतुविरहित अर्क दिला, तरी जुलाब झाले. त्याच वर्षी कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा भाग बांधून, गाळलेल्या द्रवाने हेच सिद्ध केले. डे यांचे नाव उशिरा का होईना घेतले जाते. परळच्या कामाचा उल्लेख महाराष्ट्रातही क्वचितच आढळतो, ही खेदाची बाब आहे.

1960 मध्ये गँगरोसा व सहकाऱ्यांनी बँकॉक येथे जिवंत रोग्यांच्या आतड्याचे तुकडे तपासले. अस्तर शाबूत होते. म्हणजे बिघाड पेशींच्या क्षारवाहतुकीत होता. पुढील संशोधनातून असे दिसून आले की, विषामुळे पेशीतील चक्रीय एएमपी वाढते, क्लोराइडचे मार्ग उघडे राहतात आणि क्लोराइडपाठोपाठ सोडियम व पाणी आतड्याच्या पोकळीत येते. सोडियम आत घेण्याचा नेहमीचा एक मार्गही त्याच वेळी बंद पडतो.

एक दार तरीही उघडे राहते. ग्लुकोजबरोबर सोडियम पेशीत शिरते, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये प्राग येथे मांडली होती. तिचा उपयोग ढाक्यात झाला. 1968 मध्ये नॅलिन, कॅश, रफिकुल इस्लाम, माजिद मोल्ला व फिलिप्स यांनी ग्लुकोज व क्षारांचे पाणी तोंडाने देऊन, शिरेतून द्यावयाच्या द्रवाची गरज बरीच कमी होते हे दाखविले. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी मोठ्या प्रमाणावर वापरले. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आले.

खरा दाह वेगळा. शिगेलाच्या अमांशात किंवा व्रणयुक्त बृहदांत्रदाहात अस्तरास इजा होते, पेशींमधील सांधे सैल पडतात, सोडियमचे शोषण मंदावते, आणि शौचात रक्त व आव दिसते. पटकीत भाताच्या पेजेसारखे पाणी जाते. रक्त सहसा नसते.