लेखणीपासून कळफलकापर्यंत : बैठ्या श्रमांचा इतिहास

इतिहास म्हणजे केवळ राजवंशांची नामावळी नव्हे. माणसाने कोणते श्रम केले आणि त्या श्रमांनी त्याच्या देहावर कोणत्या खुणा ठेवल्या, हाही इतिहासाचाच विषय आहे. संगणकापुढे बसणाऱ्यांची मान, खांदे व डोळे दुखतात, ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. ती नव्या यंत्राची देणगी आहे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु यंत्र नवे असले, तरी दुखणे पुरातन आहे.

संस्कृत पोथ्यांच्या नकला करणारे लेखक ग्रंथसमाप्तीनंतर कधी कधी स्वतःविषयीही चार शब्द लिहीत. पाठीला व मानेला झालेले क्लेश आणि खिळून राहिलेली दृष्टी यांचा उल्लेख करून, कष्टाने लिहिलेली पोथी जपावी, अशी विनंती ते करीत. देहाची बैठक व दृष्टी यांचा उल्लेख त्यांनी एकत्रच केला, हे लक्षणीय होय.

या अनुभवाची वैद्यकीय मांडणी इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी केली. व्यवसायजन्य रोगांवरील त्यांचा ग्रंथ १७०० साली निघाला. १७१३ च्या वाढविलेल्या आवृत्तीत त्यांनी लेखनिकांवर स्वतंत्र प्रकरण घातले. सततची बैठक, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल आणि मनावरील ताण ही तीन कारणे त्यांनी नोंदविली. उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने लिहू लागलेल्या एका लेखनिकाची हकीकतही ते देतात. काही काळाने त्याचा डावा हातही तसाच दुखावला. दोष हाताचा नव्हता, कामाच्या रीतीचा होता.

पुढे तारायंत्र आले आणि कळ दाबून दाबून तारबाबूंचे हात आखडू लागले. १९०८ साली ब्रिटनने हा विकार नुकसानभरपाईस पात्र अशा व्यवसायजन्य रोगांच्या यादीत समाविष्ट केला. तरीही प्रश्न मिटला नाही. १९८० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात कळफलकावर काम करणाऱ्यांच्या तक्रारी एकाएकी वाढल्या, तेव्हा हे दुखणे स्नायूंचे की मनाचे, असा वाद पुन्हा माजलाच.

संगणकाने या जुन्या दुखण्यात डोळ्यांचा वाटा वाढविला. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी पाहणीत, स्वस्थ बसलेली माणसे मिनिटाला सरासरी २२ वेळा, पुस्तक वाचताना १० वेळा आणि पडद्याकडे पाहताना अवघ्या ७ वेळा पापण्या मिटतात, असे आढळले. डोळे कोरडे पडतात, अक्षर नीट दिसत नाही, म्हणून माणूस नकळत मान पुढे काढतो. सुमारे पाच किलो वजनाचे मस्तक मग मानेच्या व खांद्यांच्या स्नायूंना तासन्‌तास तोलावे लागते. विसाव्यावाचून ताणलेला स्नायू दुखणारच. १९९० च्या युरोपीय निर्देशाने कामात अधूनमधून विराम आणि नेत्रतपासणी या दोन्ही गोष्टी मालकांवर बंधनकारक केल्या, त्यामागे हेच कारण होते.

आपल्या शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी आज पडद्यापुढे बसून उपजीविका करतात. काहींच्या हाताखाली इतर माणसेही असतील. पडदा दृष्टीच्या किंचित खाली असावा, पाठीला आधार मिळावा, तासाभरात एकदा तरी उठावे आणि दूरवर पाहावे, हे त्यांनी स्वतः पाळावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हाताखालचा कोणी मान दुखते म्हणाला, तर त्यास आळशी ठरवण्यापूर्वी त्याची खुर्ची आणि त्याच्या कामाचे तास एकदा पाहून घ्यावेत.