गिरणीच्या अंधारातील प्रकाशशिल्पे

प्रेक्षकाची हालचाल, स्पर्श किंवा आवाज यांना प्रतिसाद देत बदलणारी प्रकाशरचना म्हणजे परस्परसंवादी प्रकाशकला. मांडणशिल्पाचीच ही एक शाखा होय. संवेदक प्रेक्षकाची चाहूल टिपतो, संगणक तिचे संकेतांत रूपांतर करतो आणि त्यानुसार दिव्यांची तीव्रता, रंग वा लय पालटते. प्रेक्षक आल्याखेरीज ही कलाकृती पूर्ण होत नाही.

अशा रचनांना उंच छत, प्रशस्त जागा आणि हवा तेवढा अंधार लागतो. बंद पडलेले कारखाने, गोदामे व वीजकेंद्रे यांत हे सारे आयते मिळते. लंडनमधील बँकसाइड वीजकेंद्र १९८१ मध्ये बंद झाले आणि २००० मध्ये तेथे टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय सुरू झाले. त्याच्या टर्बाइन दालनात २००३ मध्ये ओलाफुर एलियासन यांनी कृत्रिम सूर्य उभारला, तेव्हा छताच्या आरशात आपले प्रतिबिंब शोधत लोक जमिनीवर आडवे होत.

राफाएल लोझानो-हेमर यांची 'पल्स रूम' ही कलाकृती २००६ मध्ये मेक्सिकोतील पुएब्ला येथील जुन्या कापडगिरणीत मांडली गेली. प्रेक्षकाने संवेदक हातात धरला की जवळचा दिवा त्याच्या नाडीच्या लयीत उघडझाप करू लागतो. हात सोडताच क्षणभर सारे दिवे विझतात आणि ती लय पुढच्या दिव्यावर सरकून आधीच्या प्रेक्षकांच्या ठोक्यांत सामील होते.

मुंबईत १८७५ मध्ये बांधलेल्या ससून गोदीच्या गोदामांत २०१७ च्या अखेरीस 'स्टार्ट इंडिया' या संस्थेने कलाप्रदर्शन भरविले होते. ते निव्वळ प्रकाशकलेचे नव्हते. सिंगापूरच्या टॅन झी शी यांनी डोक्यावर प्लास्टिकचा कचरा टांगून समुद्राखाली वावरल्याचा भास निर्माण केला, तर गिडो व्हॅन हेल्टन यांनी गोदीतील कोळीणींची व्यक्तिचित्रे रेखाटली. मासळीबाजार चालू असलेल्या गोदीतच ही कला अवतरली, हे तिचे वैशिष्ट्य.

गिरणगावाच्या वाट्याला मात्र असे क्वचितच आले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला. तेथे धुराडे उरले, कामगार उरला नाही. प्रकाशकलेलाही हाच धोका आहे. दिव्यांचा झगमगाट वास्तूतील श्रमांचा इतिहास उजळू शकतो, तसा झाकूही शकतो. हिंगोलीसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात उद्या एखाद्या बंद जिनिंगच्या शेडमध्ये असे दिवे लागले, तर तेथे सरकी वेगळी करणाऱ्या हातांची आठवण त्या उजेडात दिसते का, हीच त्यांची कसोटी ठरेल.