नांगराची निशाणी आणि आपली पत

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी कुणब्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली. त्यांना मुख्यतः हवे होते ते कागद : कर्जखते, हुकूमनामे, वह्या. सावकाराने ते निमूटपणे हवाली केले, तर सहसा मारहाण होत नसे. या ‘दख्खनच्या दंग्यां’मागची कापसाची मंदी आणि वाढीव शेतसारा ही कारणे परिचित आहेत. येथे पाहायचे आहे ते त्या कागदांकडे.

खत सावकाराच्या पेटीत आणि वहीही त्याचीच. ऋणको बहुधा निरक्षर. नावापुढे नांगराचे चित्र उमटले की सही झाली. पण ‘निशाणी नांगर’ गावातल्या कितीतरी कुणब्यांची एकच, आणि ती कोणालाही काढता येई. फेडलेल्या रकमेची पावती मिळत नाही, वहीत जमा धरली जात नाही, अशा तक्रारी दंग्यांच्या चौकशीत पुढे आल्या. ओळख खोटी करणे सोपे आणि नोंद तपासणे अशक्य, अशी ही कोंडी होती.

पहिल्या अडचणीवरचा एक उपाय बंगालमध्ये आधीच चाचपला जात होता. जंगीपूर येथे १८५८ मध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला होता. दुसऱ्या अडचणीवर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत खते ग्रामनिबंधकासमोर करणे, पावती देणे आणि मागणी झाल्यास हिशेब व खातेपुस्तिका देणे त्याने बंधनकारक केले. सावकारांनी पुढे गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची पळवाट काढली. तरीही आपल्या नावावर काय लिहिले आहे हे पाहण्याचा ऋणकोचा हक्क मान्य झाला.

आज आपल्या पतीची वही पतमाहिती कंपन्यांकडे असते. ‘सिबिल’ २००० मध्ये स्थापन झाली, २००५ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत. नांगराची जागा पॅन आणि आधार क्रमांकांनी घेतली. त्यांच्या प्रती आपण लॉजपासून सिमकार्डाच्या दुकानापर्यंत वाटत असतो. त्यांच्या आधारे कोणी परस्पर कर्ज उचलले, तर थकबाकी आपल्या नावावर चढते. हे कळते तेव्हा बहुधा आपलाच गृहकर्जाचा अर्ज फेटाळला गेलेला असतो.

या वहीतही डोकावण्याचा हक्क आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यायचा आहे. त्यात अनोळखी कर्ज, न केलेल्या अर्जाची चौकशी किंवा परका पत्ता व मोबाईल दिसला, तर कंपनीकडे आणि संबंधित बँकेकडे लेखी तक्रार करावी. फसवणूक असेल तर पोलिसांतही. तीस दिवसांत निवारण झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद २०२३ च्या आदेशात आहे. कागदपत्राच्या प्रतीवर ती कशासाठी दिली ते आणि तारीख लिहावी. आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत चालत असेल तेथे तीच द्यावी.

सुप्याच्या कुणब्याला आपल्या नावावरची नोंद पाहायची सोय नव्हती. त्याने वहीच जाळली. आपल्याला ती मागता येते. लक्ष्मीपूजनाला व्यापारी वह्या पूजतो. त्याच दिवशी दरवर्षी आपल्या नावाची ही वहीही मागवून वाचावी.