जुन्या व्हॅनचा थर्मोस्टॅट: आकडा बघून घ्या, काढून टाकू नका

गाडी गरम होते म्हणून गॅरेजला नेली की पुष्कळदा एकच सल्ला मिळतो, 'थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाका, आपल्याकडे त्याची गरज नाही.' शाळेची मुलं नेणारी ओम्नी असो, नाहीतर हाजींना मुंबई विमानतळावर सोडून परत येताना खंडाळ्याचा चढ चढणारी ट्रॅव्हलर असो, त्या गाडीवर घर चालतं. काही शे रुपयांचा हा पार्ट चुकला तर हेड गॅस्केट जातं, कधी हेडच वाकतं, आणि तो खर्च हजारांत जातो.

थर्मोस्टॅटमध्ये मेण भरलेली छोटी डबी असते. इंजिन थंड असताना व्हॉल्व्ह बंद असतो आणि पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं. ठरलेल्या तापमानाला मेण वितळून फुगतं, व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जातं. तो आकडा व्हॉल्व्हवरच कोरलेला असतो: ७६, ८२, ८८ असा. ओम्नीच्या ७९६ सीसी इंजिनाला साधारण ८२ अंशांचा चालतो. मर्सिडीजच्या ओएम ६१६ वर आधारलेलं डिझेल इंजिन असलेल्या जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरला साधारण ८० चा. तरी मॅन्युअलमध्ये असलेला आकडा पक्का धरायचा. नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला जाताना जुना व्हॉल्व्ह सोबत न्या. आकड्याइतकाच त्याचा व्यास आणि उंचीही जुळायला हवी.

'कमी आकड्याचा टाका, गाडी थंड राहील' हा दुसरा गैरसमज. कमी आकड्याचा व्हॉल्व्ह फक्त लवकर उघडतो. पूर्ण उघडल्यावर ७६ आणि ८२ मध्ये काहीच फरक राहत नाही. कात्रज किंवा दिवे घाटात गाडी उकळत असेल तर दोष बहुधा बोअरिंगच्या पाण्याने चोंदलेल्या रेडिएटरचा, पंख्याचा, पाण्याच्या पंपाचा नाहीतर ढिल्या पडलेल्या रेडिएटर कॅपचा असतो.

आता काढून टाकण्याबद्दल. ओएम ६१६ च्या थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. व्हॉल्व्ह उघडला की ती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटर चुकवून इंजिनातच फिरत राहतो, म्हणजे चढावर गाडी उलट जास्त तापते. पेट्रोलच्या ओम्नीचं वेगळं. तिथे इंजिन नीट गरमच होत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे फजरनंतर गाडी काढणाऱ्याला ॲव्हरेज कमी मिळतं आणि इंजिनची झीज वाढते. गॅसवर चालणारी असेल तर आणखी त्रास, कारण गॅस किटचा रिड्यूसर याच गरम पाण्यावर तापतो. पाणी थंड राहिलं की रिड्यूसर गार पडतो, कधी त्यावर दव किंवा बर्फ जमतो आणि गाडी झटके देत बंद पडते.

नवा व्हॉल्व्ह बसवण्याआधी घरीच तपासता येतो. पातेल्यात पाणी घ्या, व्हॉल्व्ह दोऱ्याने अधांतरी लटकवा, थर्मामीटर ठेवा आणि गॅस लावा. आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे, आणि पुढच्या १०-१५ अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणून ८८ चा व्हॉल्व्ह पातेल्यात पूर्ण उघडला नाही तरी दुकानदाराशी भांडू नका. गाडीतलं पाणी कॅपच्या दाबाखाली असतं, तिथे तो उघडेल. मात्र थंड पाण्यातच उघडा दिसला किंवा उकळत्या पाण्यातही हलला नाही, तर परत द्या.

बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडे. हवेचं बारीक भोक किंवा हलणारी पिन असेल तर ती वरच्या बाजूला. गॅस्केट नवीनच टाका, जुनी खरवडून साफ करा. नुसतं नळाचं पाणी भरण्यापेक्षा कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर भरलेलं बरं.

ओम्नीत इंजिन सीटखाली आणि रेडिएटर पुढे, मधे लांब पाईप. त्यात हवा अडकते. थंड इंजिनवर कॅप उघडी ठेवून गाडी चालू करा, पातळी खाली जाईल तसं कुलंट भरत राहा, आणि बुडबुडे थांबल्यावरच कॅप लावा. खालचा पाईप गरम लागला म्हणजे व्हॉल्व्ह उघडला. तापलेल्या इंजिनवर मात्र कॅपला हात लावू नका, वाफेने हात-तोंड भाजतं.