पतंग, ड्रोन आणि परसदार

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या जुन्या गावठाणांत घराला घर लागून असते. भिंत सामाईक, पागोळी शेजाऱ्याच्या अंगणात, मागे परसदार आणि विहीर. शेताला सातबारा असतो. गावठाणातल्या घराला मात्र बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीच्या घरपट्टीपलीकडे कागद नव्हता. तो कागद आता ड्रोनच्या छायाचित्रांवरून तयार होतो. म्हणून कायदा ड्रोनला काय मानतो, हे आपल्यालाही ठाऊक हवे.

१९३४ च्या विमान अधिनियमाने हवेच्या आधारावर तरंगणाऱ्या कोणत्याही यंत्राला विमान म्हटले. त्यात फुगे आले, ग्लायडर आले, चक्क पतंगही आला! त्याच कायद्याच्या कलम १७ ने सांगितले की, वाजवी उंचीवरून विमान गेले एवढ्याच कारणावरून जमीनमालकाला अतिक्रमणाचा दावा लावता येणार नाही. १९४४ च्या शिकागो कराराने वैमानिकाविना उडणाऱ्या विमानाला दुसऱ्या देशावरून जाण्यासाठी खास परवानगी सक्तीची केली. आत माणूस आहे की नाही, हा तेव्हाचा प्रश्न होता.

मे २०१४ मध्ये मुंबईत ड्रोनने पिझ्झा पोहोचवल्याची बातमी गाजली, पोलिसांनी चौकशी केली. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने खासगी ड्रोन उडवण्यास मनाई केली. २०१८ च्या नियमावलीने दार किलकिले केले आणि २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी उघडले. आता ड्रोनचे वर्ग वजनावर ठरतात: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ पर्यंत लहान, १५० पर्यंत मध्यम, त्यापुढे मोठा. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही. नॅनोसाठी चालकाचे प्रमाणपत्रही लागत नाही.

पण २५० ग्रॅमच्या ड्रोनलाही कॅमेरा असतो. २०१८ च्या नियमावलीत इतरांचा खासगीपणा जपण्याची जबाबदारी चालकावर होती. २०२१ च्या नियमांत त्यासाठी वेगळी तरतूद नाही. पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला तो २०१७ मध्ये, म्हणजे त्याआधीच. व्याख्येने वजन मोजले, नजर मोजली नाही.

नजरेचा हा प्रश्न आपल्या फिकहला नवा नाही. १८६९ ते १८७६ मध्ये उस्मानी सल्तनतीत हनफी फिकहवरून 'मजल्ला' ही कायदेसंहिता तयार झाली. शेजाऱ्याचे स्वयंपाकघर, विहीर, अंगण, म्हणजे बायकांच्या वावराची जागा, आपल्या खिडकीतून दिसत असेल, तर ते मोठे नुकसान मानले गेले. उपाय मात्र समंजस होता. खिडकी बुजवायची नाही, आडोसा उभारायचा. कोकणातले आपण बहुतेक शाफई, तरी हा न्याय समजायला मजहब आड येत नाही.

ड्रोनलाही हेच लागू आहे. पुणे जिल्ह्यातल्या सोनोरीत गावठाण मोजणीचा प्रयोग झाला. २४ एप्रिल २०२० ला 'स्वामित्व' योजना देशभर जाहीर झाली. आधी चुन्याने हद्दी आखतात, मग ड्रोन उडतो, मग चौकशी होऊन सनद आणि मिळकत पत्रिका मिळते. आखाती देशांत राहणाऱ्यांच्या कुलूपबंद घरांसाठी ही सनद मोलाची आहे. तेव्हा हद्द आखताना आणि चौकशीच्या वेळी घरचे कोणी तरी हजर हवेच.

मोजणीला उडणारा ड्रोन हवा. टेहळणीला उडणाऱ्यासाठी कायद्यातच आडोसा हवा. परसदाराची भिंत ४०० फूट उंच बांधता येत नाही.