अंगणवाडीतले अंगण

‘अंगणवाडी’ हा शब्द आता इतका सरकारी झाला आहे की त्यातले अंगण कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. येते ती खिचडी, वजनकाटा, लसीकरणाचा दिवस आणि सेविकांच्या मानधनाचा मोर्चा. या शब्दामागे मुलाच्या बुद्धीविषयीचा एक विचार होता आणि तो महाराष्ट्राच्या एका कोपऱ्यात, दोन बायांच्या कष्टांतून घडला, हे मात्र आपल्या विस्मरणात गेले आहे.

मूल खेळते तेव्हा ते वेळ घालवत नाही, शिकत असते, ही गोष्ट शिक्षणाच्या इतिहासात उशिरा मान्य झाली, तीही सहजासहजी नाही. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ साली लहान मुलांसाठी खेळावर आधारलेली संस्था काढली आणि पुढे तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने अशा बागांवर बंदी घातली. ती १८६० मध्ये उठली. पण फ्रोबेल १८५२ मध्येच गेला होता. पुढे मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत ‘बालगृह’ उघडले. मूल हाताने विचार करते, हे त्यांनी जगाला दाखवून दिले. मात्र मुलाच्या कृतीला त्या ‘काम’ म्हणत. परीकथा आणि खोटाखोटा खेळ यांविषयी त्या साशंकच राहिल्या.

हा विचार आपल्याकडे आला तो भावनगरमार्गे. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये तिथल्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. माँटेसरींची साधने त्यांनी घेतली, पण गोष्ट, नाटक आणि गाणे यांना दारातून परत पाठवले नाही. ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ताराबाईंच्या ‘शिक्षणपत्रिके’तून ही चर्चा मराठी घरांत पोहोचली.

मात्र बालमंदिरे शहरातल्या, शिकलेल्या घरांपुरतीच राहिली. माँटेसरींची साधने महाग, ती वापरणारे शिक्षक दुर्मीळ. गांधीजी १९३१ मध्ये लंडनला माँटेसरी प्रशिक्षण महाविद्यालयात बोलले, तेव्हा त्यांच्याही मनात गरिबांच्या मुलांचाच प्रश्न होता. ताराबाईंनी त्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे ठरवले. १९४५ साली, वयाच्या पन्नाशीनंतर, त्या मुंबई सोडून डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. पुण्यात शिक्षिका असलेल्या, बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. त्याच वर्षी या परिसरात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहत होता. ज्यांच्या आईबापांची मजुरीही स्वतःच्या मालकीची नव्हती, अशा मुलांच्या खेळाचा विचार या दोघी करू लागल्या.

बालवाडी उघडली, तरी पाड्यांवरची मुले येईनात. कारण उघड होते. आईबाप कामावर, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी, भाऊ गुरांमागे. तेव्हा उलटा विचार झाला : मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. शिक्षिका पाड्यावर जाऊ लागल्या. मुलांना न्हाऊमाखू घालणे, गाणी, गोष्टी, खेळ असे सगळे तिथेच होऊ लागले. ही अंगणवाडी. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदवणारी ‘विकासवाडी’ आकाराला आली. धाकट्याला पाळणाघरात ठेवता आले की मोठी बहीण वर्गात बसू शकते, इतका साधा हिशेब त्यामागे होता. साधने म्हणजे खडे, बिया, शिंपले, पाने, काटक्या. बियांचे लहानमोठे ढीग करताना मूल वर्गीकरण शिकते, खडे ओळीत मांडताना संख्या. त्यासाठी परदेशी पेटी लागत नाही.

हे घडत असताना मानसशास्त्रही त्याच दिशेने चालले होते, पण दोघांची गाठ पडलेली नव्हती. स्वित्झर्लंडमध्ये पियाजे सांगत होते की मूल वस्तूंशी झटापट करून आपले ज्ञान स्वतः रचते. रशियात विगोत्स्की यांचा भर दुसरीकडे होता. मुलाची समज आधी माणसामाणसांत घडते, मग त्याच्या आत उतरते, असे त्यांचे म्हणणे. मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकते, त्या दोहोंमधल्या पट्ट्यात त्याची वाढ होते. १९३३ मध्ये त्यांनी खेळावर एक व्याख्यान दिले. काठीला घोडा मानणारे मूल वस्तूपासून अर्थ सोडवून घ्यायला शिकते, हे त्यातले मुख्य सूत्र. पुढच्याच वर्षी ते सदतिसाव्या वर्षी वारले. त्यांचे प्रमुख पुस्तक दीर्घकाळ सोव्हिएत वाचकांना मिळत नव्हते. इंग्रजीत ते आले १९६२ साली.

आपल्याला हे सूत्र समजायला रशियात जावे लागत नाही. दिवाळीतला किल्ला पाहावा. विटेचा तुकडा महादरवाजा होतो, पोत्यावरची माती कडा होते. बुरूज कुठे, विहीर कुठे यावर भांडण होते; मोठा मुलगा समजावतो, धाकटी हट्ट सोडून मावळे मांडते. नियम पाळणे, दुसऱ्याचे म्हणणे मनात धरणे, पुढची पायरी आधी ठरवणे, ही सगळी बुद्धीचीच कामे आहेत. भातुकलीतही तेच चालते.

याचा मोजलेला पुरावा जमैकातून आला. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली ९ ते २४ महिन्यांची, वाढ खुंटलेली १२९ मुले सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासली. काहींना दूधभुकटीचा पूरक आहार मिळाला. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा आरोग्यसेविका जाई आणि घरगुती खेळणी घेऊन आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवी. काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. हे दोन वर्षे चालले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आहार आणि खेळ दोहोंनी मुलांचा विकास सुधारला, आणि दोन्ही मिळालेल्यांचा सर्वांत जास्त. वीस वर्षांनी पुन्हा पाहिले, तेव्हा एकट्या आहाराचा परिणाम विरला होता. ज्यांच्याशी कुणी खेळले होते, त्यांची कमाई मात्र सुमारे २५ टक्के अधिक होती. घरोघर जाणारी सेविका, घरगुती खेळणी, आईचा सहभाग : कोसबाड ठाऊक असलेल्याला यात ओळखीचे काही दिसावे.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. योजनेच्या सहा सेवांत पूरक आहार होता आणि शाळापूर्व शिक्षणही. पण आहार किलोत मोजता येतो, लस नोंदवहीत मांडता येते. सेविकेने मुलाशी मारलेल्या गप्पांना रकाना नसतो. ज्याला रकाना नाही, ते काम मागे पडते. त्यात सेविकेवर सर्वेक्षणांपासून इतर नोंदींपर्यंत कामे वाढत गेली. दुसरीकडे, ऐपत असलेली घरे तीन वर्षांच्या मुलाला अक्षरे गिरवायला लावणाऱ्या शाळा शोधू लागली. गरिबाच्या मुलाला नुसता आहार आणि श्रीमंताच्या मुलाला नुसती अक्षरे, अशी वाटणी झाली. खेळ दोघांच्याही वाट्याला आला नाही.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळातून शिकण्याचा मानला आहे. ते योग्यच आहे. पण धोरणात शब्द आल्याने खेळ अंगणात येत नाही. त्यासाठी सेविकेच्या दिवसातला तासभर वेळ नोंदवह्यांतून सोडवून मुलांसाठी राखावा लागेल, आणि त्या तासाला काम म्हणून मान व मोल द्यावे लागेल. बोर्डी-कोसबाडला साधने स्वस्त होती. महाग होता तो मुलांबरोबर अंगणात बसणाऱ्या माणसाचा वेळ. त्या दोघींनी तो आयुष्यभर दिला.